दुसऱ्या टोकाकडून



आज आपण गोलंदाजीतल्या अशा काही गोष्टींबद्दल बोलणार आहोत, की त्या घडण्याआधी कुणी भाकीत केलं असतं तर आपण त्याला वेड्यात काढलं असतं. एका डावात दहाच्या दहा विकेट. एका सामन्यात एकोणीस. सलग एकवीस ओव्हर आणि धाव एकही नाही. या गोष्टी घडल्या आहेत, त्यांच्या तारखा आहेत, आणि त्यांतल्या बऱ्याच गोष्टींशी आपल्या मराठी माणसांचा आणि मी ज्या शहरात राहतो त्या बंगळूरचा जवळचा संबंध आहे.

मी कोरमंगलात राहतो. एम. जी. रोडला कामासाठी गेलो की वाटेत अनिल कुंबळे यांच्या नावाचा चौक लागतो. चौकाला एकाच माणसाचं नाव असतं, तशीच पद्धत आहे, आणि या माणसाने ते नाव कमावलेलं आहे. पण निवृत्तीनंतर मला एक सवय लागली. जुनी स्कोअरकार्डं काढायची आणि ज्याचं नाव गाजलं ती ओळ सोडून तिच्या वरच्या-खालच्या ओळी वाचायच्या. आजची सगळी गोष्ट त्या ओळींतून आली आहे.

आधी चौकातल्या माणसाबद्दल बोलू. ७ फेब्रुवारी १९९९, रविवार. दिल्लीचं फिरोजशाह कोटला मैदान, समोर पाकिस्तान. आठवडाभर आधीच चेन्नईला आपण फक्त १२ धावांनी हरलो होतो आणि ती जखम ओली होती. दिल्लीत पाकिस्तानपुढे चौथ्या डावात ४२० धावांचं लक्ष्य होतं. सईद अन्वर आणि शाहिद आफ्रिदी यांनी १०१ धावांची सलामी दिली. उपाहाराआधी कुंबळे यांनी एका बाजूने गोलंदाजी केली, हाती काही लागलं नाही. उपाहारानंतर ते पॅव्हेलियनच्या बाजूने आले. आफ्रिदी यष्टिरक्षक मोंगियाकडे झेल देऊन गेला, पुढच्याच चेंडूवर इजाज अहमद पायचीत. बिनबाद १०१ वरून ६ बाद १२८. मग शेपूट. शेवटी वसीम अक्रमचा झेल शॉर्ट लेगला लक्ष्मणने घेतला आणि पाकिस्तान २०७ धावांत संपलं. कुंबळे : २६.३ ओव्हर, ९ मेडन, ७४ धावा, १० विकेट. भारत २१२ धावांनी विजयी.

मी त्या वेळी नोकरीत होतो. आमच्या मेसमधल्या टीव्हीसमोर बसायला जागा नव्हती. शेवटची विकेट पडली तेव्हा स्वयंपाकघरातून आचारीसुद्धा झारा हातात घेऊन बाहेर आला होता.

आता खालच्या ओळी वाचा. पाकिस्तानचा डाव ६०.३ ओव्हरचा. त्यातल्या ३४ ओव्हर कुंबळे यांनी टाकलेल्याच नाहीत. श्रीनाथ १२, हरभजन १८, वेंकटेश प्रसाद ४. या तिघांच्या विकेट शून्य. क्रिकेटचा साधा नियम आहे : एका गोलंदाजाला लागोपाठ दोन ओव्हर टाकता येत नाहीत. एक ओव्हर या टोकाकडून, पुढची त्या टोकाकडून. म्हणजे दहा विकेट घ्यायच्या तर एकाने चमत्कार करायचा, आणि त्याच वेळी दुसऱ्या टोकाकडून कसोटी दर्जाच्या गोलंदाजांनी दोनशे चेंडू टाकूनही त्यांना एकही विकेट मिळता कामा नये. अशक्यपणाचा निम्मा भाग या दुसऱ्या अटीत आहे.

नववी विकेट पडेपर्यंत ही अट नशिबाने पाळली. कुंबळे यांचे साथीदारही जीव तोडून विकेट शोधत होते, त्यांना ती मिळाली नाही इतकंच. नऊ झाल्यावर मात्र नशिबाचं काम माणसाने हातात घेतलं. श्रीनाथने ऑफस्टंपच्या खूप बाहेर चेंडू टाकायला सुरुवात केली. वाइड गेले तरी चालतील, पण फलंदाजाच्या बॅटला चेंडू लागता कामा नये. वेगवान गोलंदाजाच्या आयुष्याची सगळी शिकवण याच्या उलट असते. शेवटच्या जोडीला बाद करणं हा त्याचा हक्काचा घास. म्हैसूरच्या या गोलंदाजाने तो घास बाजूला सारला. त्याच्या नावापुढे लिहिलं गेलं : ५० धावा, शून्य विकेट.

इथे एक गोष्ट लक्षात घ्या. पाकिस्तान तेव्हा दोनशेहून अधिक धावांनी मागे होतं. सामना हातात आला होता, म्हणूनच हे औदार्य परवडलं. सामना अडलेला असता तर श्रीनाथने स्टंपवरच चेंडू टाकला असता आणि तेच योग्य झालं असतं.

हे मी का सांगतोय? कारण याच्या अगदी उलट प्रसंग चाळीस वर्षांपूर्वी कानपूरला घडला होता, आणि त्यातली तिन्ही माणसं महाराष्ट्राच्या मातीत खेळलेली होती.

डिसेंबर १९५८. समोर वेस्ट इंडिज. मुंबईचे सुभाष गुप्ते म्हणजे त्या काळातले जगातल्या सर्वोत्तम लेगस्पिनरांपैकी एक. प्रथम श्रेणी क्रिकेटमध्ये एका डावात दहा विकेट घेण्याचा पराक्रम त्यांनी १९५४-५५ च्या मोसमात मुंबईकडून केलेलाच होता, ७८ धावांत १०. कानपूरला त्यांनी वेस्ट इंडिजला २२२ धावांत गुंडाळलं. १०२ धावांत ९ विकेट. कसोटीत भारताच्या कुठल्याही गोलंदाजाने त्याआधी एका डावात नऊ विकेट घेतल्या नव्हत्या. दहावी हुकली ती लान्स गिब्जची. गिब्ज म्हणजे शेपटातला फलंदाज. गुप्ते यांच्या चेंडूवर त्याचा झेल यष्टिरक्षक नरेन ताम्हाणे यांच्या हातून सुटला, असं जुने लोक सांगतात. ताम्हाणे साधे यष्टिरक्षक नव्हते, त्यांच्या सफाईचं आजही नाव निघतं. आणि गिब्जचा त्रिफळा उडवला वसंत रांजणे यांनी.

रांजणे यांची ती पहिलीच कसोटी. महाराष्ट्राकडून प्रथम श्रेणीतल्या पदार्पणात सौराष्ट्राविरुद्ध ३५ धावांत ९ बळी, तेही हॅटट्रिकसह, अशी त्यांची ख्याती. नऊवर थांबणं म्हणजे काय हे त्यांना चांगलंच ठाऊक होतं. पण पहिली कसोटी, पहिला डाव, सामना अजून कुठेच झुकलेला नाही. अशा वेळी समोर शेपटातला फलंदाज आला आणि कर्णधाराने चेंडू हातात दिला, तर तरुण गोलंदाजाने काय करायचं? त्याने स्टंप उडवला. यात त्याची काहीच चूक नव्हती. भारतानेही पहिल्या डावात नेमक्या २२२ धावा केल्या, इतका तो सामना चुरशीचा होता. दुसऱ्या डावात सोबर्स यांनी १९८ धावा काढल्या आणि आपण हरलो.

एका जागी दुसऱ्या टोकाने विकेट घेतली नाही म्हणून इतिहास घडला, दुसऱ्या जागी घेतली म्हणून हुकला. दोन्ही ठिकाणी दुसऱ्या टोकाचा माणूस आपलं काम चोख करत होता.

आता थोडं बाहेर, इंग्लंडला जाऊ. १९५६ चा जुलै, मँचेस्टरचं ओल्ड ट्रॅफर्ड, समोर ऑस्ट्रेलिया. ऑफस्पिनर जिम लेकर यांनी पहिल्या डावात ३७ धावांत ९ आणि दुसऱ्या डावात ५३ धावांत १० विकेट घेतल्या. एका सामन्यात १९. आज जवळजवळ सत्तर वर्षं झाली, या आकड्याच्या आसपासही कुणी फिरकलेलं नाही. खेळपट्टी फिरकीला साथ देणारी होती आणि ऑस्ट्रेलियाने त्याबद्दल बरीच कुरकुर केली. पण खेळपट्टी दोन्ही टोकांना असते ना! पलीकडून टाकत होते टोनी लॉक, सरे काउंटीतले लेकर यांचेच जोडीदार, डावखुरे फिरकी गोलंदाज. लेकर यांनी त्या सामन्यात ६८ ओव्हर टाकल्या. लॉक यांनी ६९. लेकर यांना १९ विकेट, लॉक यांना १.

हे आकडे मी पहिल्यांदा वाचले तेव्हा मला छापण्यात चूक झाली असं वाटलं. लॉक काही कमी प्रतीचे गोलंदाज नव्हते. त्याच वर्षी मे महिन्यात सरेकडून याच ऑस्ट्रेलियाविरुद्ध लेकर यांनी एका डावात दहा विकेट घेतल्या होत्या, आणि दुसऱ्या डावात सात विकेट घेऊन सामना संपवला होता लॉक यांनी. मँचेस्टरला मात्र चेंडू बॅटला चाटून जाईना. लॉक वैतागले, वेग वाढवत गेले आणि वेग वाढला तशी विकेट आणखी लांब गेली. दुसऱ्या डावात त्यांच्या ५५ ओव्हर, ३० मेडन, ६९ धावा, विकेट शून्य. म्हणजे ओव्हरमागे जेमतेम सव्वा धाव. ऑस्ट्रेलियाच्या फलंदाजांना त्या टोकाकडून श्वास घ्यायला जागा मिळाली नाही. लेकर यांच्या १९ विकेटांत त्याचा वाटा किती, हे मोजण्यासाठी स्कोअरकार्डात रकाना नाही.

कसोटीत एका डावात दहा विकेट घेणारे आजवर तीनच. लेकर, कुंबळे आणि तिसरा एजाज पटेल. एजाज मुंबईत जन्मला, आठव्या वर्षी आईवडिलांबरोबर न्यूझीलंडला गेला, आणि डिसेंबर २०२१ मध्ये त्याच मुंबईत वानखेडेवर भारताचे दहाही फलंदाज त्याने बाद केले. ४७.५ ओव्हर, ११९ धावा. यातल्या १५० धावा काढणारा मयंक अगरवाल आमच्या बंगळूरचाच. त्यानंतर न्यूझीलंडचा डाव ६२ धावांत संपला आणि ते ३७२ धावांनी हरले. दहा विकेट घेऊनही हरावं लागतं, कारण उरलेल्या दहा जणांचं काम एकट्याला करता येत नाही.

आता मी माझ्या लाडक्या माणसाकडे येतो. वर सांगितलेल्या सगळ्यांनी विकेट घेतल्या. या माणसाने एकही घेतली नाही, आणि तरीही अशक्य ते करून दाखवलं. रमेशचंद्र गंगाराम नाडकर्णी, म्हणजे सगळ्यांचे बापू नाडकर्णी. जन्म नाशिकचा, १९३३. आधी महाराष्ट्राकडून आणि मग मुंबईकडून खेळले. डावखुरे फिरकी गोलंदाज, उपयुक्त फलंदाज आणि बेडर क्षेत्ररक्षक.

जानेवारी १९६४, मद्रासचं कॉर्पोरेशन स्टेडियम. समोर इंग्लंड. भारताने कुंदरन यांच्या १९२ आणि विजय मांजरेकर यांच्या १०८ धावांच्या जोरावर ७ बाद ४५७ वर डाव घोषित केला होता. इंग्लंडचे काही खेळाडू पोटाच्या दुखण्याने बेजार होते. बोलस आणि बॅरिंग्टन यांनी ठरवलं, टिकून राहायचं. आणि बापूंनी ठरवलं, धाव द्यायची नाही.

त्यांचे चार स्पेल बघा. पहिला : ३ ओव्हर, ३ मेडन, शून्य धावा. दुसरा : ७ ओव्हर, ५ मेडन, २ धावा. तिसरा : १९ ओव्हर, १८ मेडन, १ धाव. चौथा : ३ ओव्हर, १ मेडन, २ धावा. बेरीज केली तर ३२ ओव्हर, २७ मेडन, ५ धावा, विकेट शून्य. यात सलग २१ ओव्हर मेडन. सलग १३१ चेंडूंवर गोलंदाजाच्या नावावर एकही धाव नाही. चेंडूंच्या मोजणीत दक्षिण आफ्रिकेचे ह्यू टेफिल्ड त्यांच्या थोडे पुढे आहेत, १९५७ साली डर्बनला १३७ चेंडू, पण तिथे ओव्हर आठ चेंडूंची होती. सलग मेडन ओव्हरच्या मोजणीत बापूंच्या पुढे कुणी नाही. आणि आजचं क्रिकेट बघता पुढे कुणी जाईल, असं मला तरी वाटत नाही.

सरावात ते खेळपट्टीवर एक नाणं ठेवायचे आणि पुन्हा पुन्हा त्या नाण्यावर चेंडू टाकायचे, असं सांगतात. कसोटी कारकिर्दीत त्यांनी ९,१६५ चेंडू टाकले आणि २,५५९ धावा दिल्या. ओव्हरला सरासरी १.६७.

पण बापूंच्या त्या स्पेलवर टीकाही होते. विकेट एकही नाही, सामना अनिर्णित, पाचही कसोटींची ती मालिकाच अनिर्णित. मग या मेडन ओव्हरचा उपयोग काय झाला? रास्त प्रश्न आहे. उत्तरासाठी पुन्हा वरच्या-खालच्या ओळी वाचाव्या लागतात. त्याच डावात चंदू बोर्डे यांनी ८८ धावांत ५ विकेट घेतल्या. पुण्याच्या बोर्डे यांची ही कसोटीतली सर्वोत्तम गोलंदाजी. सलीम दुराणींनी ३ घेतल्या. इंग्लंडचा डाव ३१७ वर संपला. एका टोकाकडून तासन् तास धाव मिळत नसेल, तर फलंदाज ती कुठे शोधणार? दुसऱ्या टोकाकडेच. आता यातली प्रत्येक विकेट बापूंमुळे पडली असं मी म्हणणार नाही, तसा हिशेब मांडता येत नाही. पण एका टोकाने दार बंद केलं, तर पलीकडच्या दारात गर्दी होते, एवढं कुठलाही सैनिक सांगेल.

बापूंना फक्त दार बंद करता येत होतं असंही नाही. त्याच मालिकेत कानपूरला भारतावर फॉलोऑनची वेळ आली, तेव्हा पहिल्या डावात नाबाद ५२ आणि दुसऱ्यात नाबाद १२२ धावा करून सामना वाचवणारे हेच बापू. १९६८ मध्ये न्यूझीलंडला भारताने परदेशातली पहिली मालिका जिंकली, त्यात वेलिंग्टनला ४३ धावांत ६ विकेट बापूंच्याच. पुढे ते संघाचे सहायक व्यवस्थापक झाले. त्यांच्या तोंडी नेहमी 'छोडो मत' असायचं, अशी आठवण सुनील गावसकरांनी सांगितली आहे. १७ जानेवारी २०२० ला बापू गेले. दुसऱ्या दिवशीच्या बातम्यांत तेच २१ मेडन होते.

आता या विषयात मला इतका रस का, हे सांगून थांबतो. ते सांगितल्याशिवाय हा भाग पुरा होणार नाही.

नव्वदच्या दशकात मी काश्मीरमध्ये होतो. एका पहाटे गावाबाहेरच्या एका घराला आम्ही वेढा घातला. आत अतिरेकी होते, आणि उघड्यावर पुढे गेलेली आमची एक सेक्शन अडकली होती. एका जवानाने नाल्यातून सरपटत जाऊन घराच्या भिंतीला भिडायचं, असं ठरलं. त्याने ते केलं. जिवावर उदार होऊन केलं. त्याची शिफारस मीच लिहिली आणि त्याला पदक मिळालं. ते त्याच्या हक्काचं होतं.

पण तो नाल्यातून जात असताना अक्रोडाच्या झाडामागे एल.एम.जी. घेऊन दुसरा एक जवान पडून होता. जागा वाईट, आडोसा अपुरा. तो जवळजवळ पाऊण तास एकाच खिडकीच्या चौकटीवर मारा करत राहिला. दोन-तीन गोळ्या, थांबायचं, पुन्हा दोन-तीन. दारूगोळा मोजका होता. त्या पाऊण तासात खिडकीतून एकदाही कुणाला डोकं वर काढता आलं नाही. त्याच्या गोळीने कुणी मेलं नाही. आपल्या भाषेत सांगायचं तर विकेट शून्य.

शिफारशीत मी लिहिलं, 'कव्हरिंग फायरच्या आडून'. इतकंच. फायर कुणाचं, ते लिहिलं नाही. कागदावर जागा कमी होती, वर पाठवायची घाई होती, आणि खरं सांगायचं तर मला ते सुचलंही नाही. १९९९ च्या त्या रविवारी मेसमध्ये मी टाळ्या वाजवत होतो, तेव्हासुद्धा तो मला आठवला नाही. तो आठवला फार पुढे, निवृत्तीनंतर, लॉक यांचे ६९ ओव्हर आणि एक विकेट हे आकडे वाचताना.

पुढे पलटणीच्या मेळाव्यासाठी बेळगावला गेलो, तेव्हा तो भेटला. हवालदार होऊन निवृत्त झाला होता. मी मनात शब्द जुळवत होतो. तो मात्र शेजारी बसलेल्या नातवाला त्या पहाटेची गोष्ट सांगू लागला. मग माझ्याकडे वळून म्हणाला, "साहेब, त्या गड्यानं त्या दिवशी कमालच केली हो!" सगळी गोष्ट त्याने दुसऱ्याची सांगितली. स्वतःबद्दल एक शब्द नाही. मी नातवाला म्हणालो, "बाळ, त्या खिडकीवर गोळीबार कोण करत होतं, विचार आजोबांना." तो हसला आणि म्हणाला, "साहेब, चहा घ्या, गार होतोय." त्यापुढे काही बोलण्याचं धाडस मला झालं नाही.

शिफारस आता दुरुस्त होत नाही, त्याच्या मुदती केव्हाच संपल्या. म्हणून निदान हे रेकॉर्डिंग करतोय. नाव घेत नाही, त्याला आवडणार नाही. पण त्याचा नातू हा भाग बघेल अशी आशा आहे.

तर मंडळी, यापुढे कुठलंही मोठं स्कोअरकार्ड दिसलं की गाजलेली ओळ वाचून थांबू नका. वरची आणि खालची ओळही वाचा. कोटल्याच्या स्कोअरकार्डात तिथे श्रीनाथ आहे, हरभजन आहे, प्रसाद आहे. मँचेस्टरला लॉक आहेत. मद्रासला, पाच विकेट घेणाऱ्या बोर्डे यांच्या शेजारच्या ओळीत, बापू आहेत : ३२, २७, ५, ०.

भेटू पुढच्या भागात. नमस्कार.